हेडलाईटच्या व्होल्टचा जमाखर्च



ठाणे-कल्याण पट्ट्यातील कारखाने एकेक करून बंद पडत गेले आणि आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल चाकांवर आली. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. तो कारखाना गेला, मोटार मात्र वस्तीत आली. आज कोणी रिक्षा चालवतो, कोणी छोटा हत्ती, कोणी शाळेच्या मुलांची इको, तर कोणी कर्ज काढून घेतलेली वॅगन-आर रात्रीच्या भाड्याला फिरवतो. गाडी जुनी असते, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते, आणि तिचे पहिले दुखणे बहुधा दिव्याचेच निघते.

आपण दिव्याचे दुखणे अंगावर काढतो. इंजिन बंद पडले तर धंदा बंद पडतो, म्हणून त्याच दिवशी मिस्त्री गाठतो. एक हेडलाईट गेली तर "दुसरी आहे ना" म्हणून महिना काढतो. परंतु विचार करा, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. समोरच्याला आपला उजवा दिवा सर्वांत जवळचा. तोच बंद असेल तर अंधारात समोरून येणाऱ्याला फक्त डावीकडचा एक दिवा दिसतो, आणि तो समजतो की कडेने मोटारसायकल येत आहे, मधे जागा मोकळी आहे. घोडबंदर रस्त्याचा गायमुखचा चढ असो किंवा मुरबाडच्या पुढचा माळशेजकडे जाणारा रस्ता असो, अशा ठिकाणी हा गैरसमज जिवावर बेततो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. दिवा मंद असेल तर ते साडेसोळा मीटर आपण न बघताच जातो.

दुसरी गोष्ट पैशाची. दिवा लागत नाही म्हणून गॅरेजमध्ये गेलो की पुष्कळदा पहिल्यांदा बल्ब बदलला जातो. नाही जमले तर स्विच. मग रिले. मग "वायरिंगच नवीन टाकावी लागेल." सगळेच मिस्त्री असे नसतात, आमच्याकडे कल्याण पूर्वेला एक वायरिंगवाले चाचा आहेत, ते हातात चेक लाईट घेतल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत. पण अंदाजाने सामान बदलणारेही आहेत, आणि त्या अंदाजाचे बिल आपण भरतो. मी पेशाने कारकून. आमच्या कचेरीत हिशेबात तीनशे रुपये कमी आले तर कोणी नवी वही आणत नाही. कुठल्या पानावर फरक पडला ते शोधतात. हेडलाईटचेही तसेच करता येते, आणि त्याला इंजिनिअर असावे लागत नाही.

आधी विजेचा रस्ता समजून घेऊ. मोटारीत, रिक्षात, छोट्या टेम्पोत १२ व्होल्टची बॅटरी असते. (मोठ्या ट्रकला, बसला २४ व्होल्ट. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) बॅटरीच्या प्लसपासून वीज निघते, फ्यूजमधून जाते, लाईटच्या स्विचमधून जाते, तेथून अप्पर-डिपरच्या स्विचमध्ये, तेथून वायरने बल्बच्या होल्डरपर्यंत. बल्बची तार तापते, उजेड पडतो. पण वीज तेथे संपत नाही. तिला बॅटरीच्या मायनसला परत यावेच लागते. बल्बच्या मागून एक छोटी वायर निघून गाडीच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली असते, आणि तेथून पुढे गाडीची संपूर्ण बॉडी हीच परतीची वायर. हिला आपण अर्थ म्हणतो. जाण्याचा रस्ता सगळे तपासतात, येण्याचा कोणी बघत नाही. निम्मी दुखणी या येण्याच्या रस्त्यात सापडतात, असे माझे मत आहे.

हॅलोजनच्या बहुतेक गाड्यांत जो तीन पायांचा बल्ब असतो त्याला दुकानात एच-४ म्हणतात. त्यात दोन तारा असतात, अप्परची ६० वॅट आणि डिपरची ५५ वॅट. तिसरा पाय दोघांचा सामाईक. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर येतात: ६० भागिले १२ म्हणजे ५. दोन्ही दिव्यांचे मिळून १० अँपिअर. घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर पुरता अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. तेव्हा १० अँपिअर ही लहानसहान वीज नव्हे. म्हणूनच मोटारीच्या वायरिंगमध्ये एखादा सैल किंवा गंजका जोड असला तरी त्याचा परिणाम लगेच दिसतो.

आता हिशेब. जर्मनीच्या किर्चहॉफ या शास्त्रज्ञाने १८४५ साली एक नियम मांडला. आपल्या भाषेत सांगायचे तर असा: बॅटरीने जेवढे व्होल्ट दिले, तेवढे सगळे व्होल्ट परत मायनसपर्यंत येताना वाटेत कुठे ना कुठे खर्च झालेच पाहिजेत. एकही व्होल्ट हवेत नाहीसा होत नाही. बल्बवर झालेला खर्च हा योग्य खर्च. वायरवर, स्विचवर, जोडावर झालेला खर्च ही गळती. तेव्हा तीन ठिकाणी मोजायचे, आणि तिन्ही आकड्यांची बेरीज बॅटरीच्या आकड्याशी जुळते का ते बघायचे. वाणिज्य शाखेत याला तेरीज म्हणतात. जमा आणि खर्च सारखे आले पाहिजेत.

यासाठी लागतो एक साधा डिजिटल मीटर. बाजारात एका बल्बच्या आसपासच्या किमतीत मिळतो, आणि वस्तीत चार गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला तरी पुरे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. नसेल तर इंडिकेटरचा जुना १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला क्लिप आणि एका टोकाला सुई, झाला चेक लाईट तयार. चेक लाईट वीज आहे की नाही एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. तरी रस्त्यात अडकल्यावर तो मोठा आधार.

काम सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-सिगारेट पेटवू नये, बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. वायर कापायची किंवा जोडायची असेल तर आधी बॅटरीची मायनस वायर सोडावी. १२ व्होल्टचा शॉक माणसाला जाणवत नाही, पण पाना चुकून प्लस आणि बॉडी यांना एकदम लागला तर तो लाल होतो, आणि मधली अंगठी बोटासकट भाजते.

मोजण्याच्या बाबतीत एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. मोजणी दिवा चालू असतानाच करायची, बल्ब होल्डरमध्ये बसलेला असतानाच. बल्ब काढून मोकळ्या होल्डरवर मीटर लावला तर कुजलेल्या वायरवरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, आणि माणूस म्हणतो, "करंट तर बरोबर येतोय, बल्बच खराब." हे कसे होते? आपल्या चाळीतला नळ आठवा. नळ बंद असताना पाइपात पाणी भरलेले असते, दाबही असतो. नळ उघडला की मात्र करंगळीएवढी धार. पाइप आतून चोंदला आहे हे नळ उघडल्यावरच कळते. बल्ब पेटणे म्हणजे नळ उघडणे.

आमच्या ओळखीतील एक बंधू डोंबिवलीहून भिवंडीच्या गोदामांना माल नेतात. गाडी छोटा हत्ती. पुढून थोडा धक्का लागला म्हणून डाव्या कोपऱ्याचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले. त्यानंतर डावी हेडलाईट पिवळी, मेणबत्तीसारखी जळू लागली. एका गॅरेजने बल्ब बदलला. आठवड्याने स्विच बदलला. मग रिले बदलला. गाडीचे दोन दिवसांचे भाडे बुडाले ते निराळे. उजेड तेवढाच. शेवटी त्यांच्या आयटीआयला जाणाऱ्या मुलाने रविवारी मीटर आणला. मी त्यावेळी तेथे होतो, आणि कारकुनाच्या सवयीने आकडे कागदावर मांडत होतो.

दिवे चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर मोजले, १२.३ व्होल्ट. मग डाव्या बल्बच्या पायांवर मोजले, ९.१. म्हणजे ३.२ व्होल्टचा फरक. आता हा कुठे पडला? मीटरची लाल सुई बॅटरीच्या प्लसवर आणि काळी बल्बच्या प्लसच्या पायावर लावली. आले ०.४. म्हणजे फ्यूज, स्विच, रिले, वायर या सगळ्या जाण्याच्या रस्त्यात मिळून अर्धा व्होल्टही जात नव्हता. नवा स्विच आणि नवा रिले यांची गरज नव्हती, हे या एका आकड्याने सांगितले. मग लाल सुई बल्बच्या अर्थच्या पायावर आणि काळी बॅटरीच्या मायनसवर. २.८! बेरीज करा: ९.१ अधिक ०.४ अधिक २.८ बरोबर १२.३. तेरीज जुळली, आणि गळतीचे पान सापडले.

अर्थची वायर धरून मागे गेलो तर ती कोपऱ्यातल्या पत्र्याला कसलेली. पेंटरने पत्रा रंगवला, अर्थचा स्क्रू काढून रंगावरच परत बसवला. रंग विजेला अडवतो. स्क्रूच्या आट्यांतून जेवढी जाईल तेवढीच वीज जात होती. स्क्रूला बोट लावले तर गरम लागले, कारण तेथे २.८ व्होल्टवर जवळजवळ ४ अँपिअर, म्हणजे ११ वॅटची उष्णता तयार होत होती. दिव्याचा उजेड तेथे पत्रा तापवण्यात खर्च होत होता. स्क्रू काढला, रुपयाएवढ्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून पत्रा चकचकीत केला, वायरचा लग घासला, परत घट्ट कसला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. दिवा लख्ख. खर्च पॉलिश पेपरचा.

९ व्होल्ट म्हणजे १२ च्या तीन-चतुर्थांश, मग उजेडही तीन-चतुर्थांश पडायला हवा होता असे कोणाला वाटेल. तसे होत नाही. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टपेक्षा फार वेगाने खाली येतो. व्होल्ट दहा टक्के कमी झाले तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. ९.१ व्होल्टवर तो निम्म्याहूनही कमी राहतो आणि पिवळा पडतो. म्हणून जाण्याच्या रस्त्यात अर्ध्या व्होल्टच्या वर आणि येण्याच्या रस्त्यात पाव व्होल्टच्या वर गळती दिसली तर तिचा माग काढलाच पाहिजे. माग काढणे सोपे आहे. एक सुई बॅटरीवर तशीच ठेवायची आणि दुसरी एकेक जोड मागे सरकवत जायची. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम उडी मारतो, तोच चोर.

पण मीटर काढण्याआधी फुकटातली एक परीक्षा करावी. एकच दिवा जात असेल तर डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघावा. दुखणे बल्बबरोबर पलीकडे गेले तर बल्ब गेला. दुखणे जागेवरच राहिले तर बल्ब निर्दोष. ही अदलाबदल करताना हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहते, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब अकाली जातो. लागलेच तर स्वच्छ कापडाला स्पिरिट लावून पुसावा. आणि नवा बल्ब घेताना त्यावर छापलेले व्होल्ट वाचावेत. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब दिसायला तसाच, होल्डरमध्येही बसतो, आणि १२ व्होल्टवर आजारी माणसासारखा मिणमिणतो. लोक मग बॅटरी बदलतात.

दोन्ही हेडलाईट एकदम गेल्या तर मात्र दोन्हीकडच्या अर्थकडे धावू नये. जे दोघांना सामाईक आहे तेथे बघावे: फ्यूज, रिले, स्विच. काही गाड्यांत डाव्या-उजव्याचे फ्यूज वेगळे असतात, म्हणून फ्यूजच्या झाकणावरचे चित्र बघून घ्यावे. फक्त डिपर दोन्हीकडचा गेला आणि अप्पर लागतो, असे असेल तर डिपरचा स्विच संशयित. पण त्याआधी दोन्ही बल्बच्या तारा बघाव्यात, कारण एक बल्ब महिन्यापूर्वीच गेलेला असतो, कोणाचे लक्ष नसते, आणि दुसरा गेला त्या रात्री "दोन्ही एकदम गेले" असे वाटते. रिलेची शंका असेल तर तशाच आकाराचा आणि तेच आकडे असलेला हॉर्नचा रिले काढून तेथे लावून बघावा. रिलेचा टिक आवाज आला म्हणजे रिले चांगला, असे समजू नये. आवाज आतल्या चुंबकाचा असतो. आतले टोक जळलेले असले तरी टिक होतेच.

आता एक चमत्कारिक दुखणे. इंडिकेटर दिला की हेडलाईट त्याच्या तालावर नाचते, किंवा डिपर लावला की पार्किंगचा छोटा दिवाही भुतासारखा मंद पेटतो. अशा वेळी कोणी म्हणतो वायरी उलटसुलट जोडल्या. बहुतेक वेळा तसे काही नसते. त्या कोपऱ्यातल्या सगळ्या दिव्यांचा सामाईक अर्थ तुटलेला असतो. विजेला घरी परतायचा रस्ता बंद, म्हणून ती शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटी शिरून त्याच्या वाटेने परत जाते. कोपऱ्यातल्या अर्थच्या वायरीवर एक तात्पुरती वायर लावून ती थेट बॅटरीच्या मायनसला टेकवावी. नाच थांबला तर रोग कळला.

खड्ड्यात गाडी आदळली की दिवा जातो आणि पुढच्या खड्ड्यात येतो, हा अनुभव आपल्या रस्त्यांवर कोणाला सांगायला नको. तेथे होल्डरच्या पितळी चिमट्यांची पकड सैल झालेली असते किंवा कपलरमधली पिन मागे सरकलेली असते. होल्डर तपकिरी पडला असेल, प्लास्टिक वितळले असेल तर तो घासूनपुसून उपयोग नाही, बदलावाच.

गाडी उभी असताना दिवे मंद आणि रेस केली की प्रखर, असे झाले तर हेडलाईटला दोष देऊ नये. बॅटरी उतरलेली आहे, पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर कमजोर आहे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. उलट, १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचा रेग्युलेटर बिघडला. तेव्हा बल्ब दर महिन्याला जातात आणि आपण बल्बच्या कंपनीला शिव्या देतो.

फ्यूजबद्दल दोन शब्द कडक लिहितो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. याची सुरुवात बहुधा मोठ्या बल्बपासून होते. उजेड जास्त हवा म्हणून कोणी १००/९० वॅटचे बल्ब लावतो. १०० भागिले १२ म्हणजे एका बल्बला ८.३ अँपिअर, दोघांना १६ च्या वर. १५ अँपिअरचा निळा फ्यूज उडतो. मग कोणी ३० चा हिरवा लावतो. आता फ्यूज उडत नाही, कारण फ्यूजच्या आधी वायर जळते. पहिल्यांदा होल्डर वितळतो, मग स्विच, मग डॅशबोर्डच्या मागे धूर. ज्या गाडीत सीएनजीची टाकी आहे, मागे शाळेची मुले बसली आहेत, त्या गाडीत हा खेळ नको. दहाचा लाल उडाला तर दहाचाच लाल लावा. तोही उडाला तर कुठेतरी प्लसची वायर पत्र्याला लागली आहे.

ती जागा शोधायची जुन्या मिस्त्री लोकांची युक्ती अशी. दोन्ही हेडलाईटचे बल्ब काढून ठेवावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडावा आणि दिव्याचा स्विच चालू करावा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटतो, पण वायर जळत नाही, कारण सगळी वीज बल्बच खातो. आता वायरिंगचा गठ्ठा एकेक वीत हलवत पुढे जावे. रेडिएटरच्या पट्टीखाली, बॅटरीच्या तबकडीजवळ, हेडलाईटच्या कोपऱ्यावर, जेथे हलवल्यावर बल्ब विझतो किंवा मिचकावतो, तेथे वायर सोललेली आहे. एकही फ्यूज न जाळता शॉर्ट सापडतो. ही युक्ती अल्टरनेटर, कॉम्प्युटर असलेल्या फ्यूजवर करू नये, फक्त दिव्यांच्या फ्यूजवर करावी.

आपल्या भागाचे एक खास दुखणे पाण्याचे आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या सुकवून, धुऊन पुढे विकल्या जातात, आणि स्वस्त मिळाली म्हणून आपलेच लोक घेतात. वायरचे टोक पाण्यात राहिले की पाणी आतल्या बारीक तारांमधून, वातीत तेल चढावे तसे, वर चढत जाते. बाहेरून वायर नवी कोरी दिसते. सोलली तर आत तांबे काळे किंवा हिरवे. अशा काळ्या तारेवर नवा जोड देऊन काही होत नाही. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापत जावे आणि तेथे नवी वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवावी. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळा काढतो, दुसरा नाही. जुनी गाडी घेताना हेडलाईटचा कपलर सोडून आत हिरवट बुरशी आहे का ते बघावे. पुरातली गाडी तेथे ओळखू येते.

जुन्या गाड्यांमध्ये दिव्याची सगळी वीज स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून नेलेली असे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, पण त्या काळच्या पद्धतीच्या वायरिंगचे टेम्पो आणि मोटारी अजून आहेत. त्यांत दोन रिले घालून घेणे, एक अप्परला आणि एक डिपरला, हा सर्वांत किफायतशीर सुधार होय. बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून बल्बला, जुन्या दिव्याची वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. मग स्विचमधून फक्त रिलेला चालू करण्यापुरती वीज जाते, स्विच तापत नाही, आणि बल्बला पूर्ण व्होल्ट मिळतात. १०० वॅटच्या बल्बने जो उजेड शोधत होतो, तो ५५ वॅटमध्येच सापडतो.

मीटर लावताना एका ठिकाणी भले भले फसतात. जपानी पद्धतीच्या काही वायरिंगमध्ये बल्बच्या सामाईक पायावर प्लस येतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. म्हणजे अप्पर-डिपर करताना प्लस नव्हे, मायनस जोडला जातो. चेक लाईटची क्लिप बॉडीला लावून तपासणारा गोंधळतो, कारण तीनही पायांवर त्याला प्लस दिसतो. अशा गाडीत क्लिप बॅटरीच्या प्लसला लावून अर्थ शोधावा. वर सांगितलेला रिलेचा जोडही अशा गाडीत जसाच्या तसा चालत नाही. जमाखर्चाची रीत मात्र तीच. तीन आकडे, एक बेरीज.

अलीकडच्या एलईडी हेडलाईटच्या आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल असलेल्या गाड्यांना चेक लाईटची सुई टोचू नये. तेथे एवढीशी जादा वीज ओढली तरी महागडा मॉड्यूल जाऊ शकतो. मीटरने मोजायला हरकत नाही, पुढचे काम स्कॅनर असलेल्याकडे न्यावे. पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांच्याकडे बोटही नेऊ नये. तरीसुद्धा नव्या गाडीतही अर्थचा स्क्रू असतो आणि रंगारी तोच असतो, एवढे ध्यानात असू द्या.

ज्या घरातील मुलगा-मुलगी आयटीआयचा विचार करीत आहेत त्यांनी गाडीच्या वायरिंगचा, ऑटो इलेक्ट्रिकलचा ट्रेड जरूर विचारात घ्यावा. इंजिनचे मिस्त्री पुष्कळ आहेत, मीटर घेऊन दुखणे शोधणारे थोडे. बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा आणि मोटारी रस्त्यावर आल्या आहेत, त्यांत तर वायरिंगच जास्त. मुलींनी हे काम करू नये असे त्यात काही नाही. हात बारीक असले तर होल्डरच्या मागे सहज पोचतात.

दिवा दुरुस्त झाला की शेवटचे एक काम राहते, ते म्हणजे त्याचा नेम. बल्बची चकती खाचेत तिरकी बसली तर लख्ख दिवासुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे दिव्याचा झोत असा खाली वळलेला हवा की दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. आठ वर्षांवरच्या धंद्याच्या गाडीला दरवर्षी पासिंगला जावे लागते, मग ती ठाण्याच्या एमएच-०४ ची असो की कल्याणच्या एमएच-०५ ची, आणि तेथे दिव्यावरून गाडी परत पाठवतात. घरी तपासायचे तर सपाट जागेत, चाकांत हवा बरोबर भरून, गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली यावी. वर जात असेल तर हेडलाईटच्या मागचा स्क्रू फिरवून खाली आणावी. टेम्पोवाल्यांनी हे मागे माल भरलेला असताना करावे. माल चढला की मागची बाजू बसते, पुढचा दिवा आकाशाकडे बघतो.